परदेशी क्लबकडून बास्केटबॉल खेळायचे आहे? पुण्यातल्या नवोदितांसाठी मार्गदर्शन

दर वर्षी पावसाळा संपून मैदाने वाळली की पुण्यातली दोन-चार मुले-मुली मला गाठतात आणि एकच प्रश्न विचारतात : “दादा, बाहेर खेळता येईल का?” बाहेर म्हणजे अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये नव्हे, हे त्यांनाही ठाऊक असते. युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया, फिलिपिन्स, आखाती देश अशा ठिकाणी पगार घेऊन खेळणारे हजारो खेळाडू आहेत. ते वर्षा-दोन वर्षांनी क्लब बदलतात, अनेकदा देशही बदलतात आणि पस्तिशीपर्यंत या फिरस्तीवरच घर चालवतात. इंग्रजीत अशा खेळाडूला जर्नीमन म्हणतात. आपण त्याला फिरस्ता खेळाडू म्हणू.

मी स्वतः असा व्यावसायिक खेळाडू नव्हतो. जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घेत असताना तिथल्या खालच्या विभागातील एका क्लबकडून मी दोन हंगाम खेळलो. मला पगार नव्हता. प्रवासखर्च, बूट आणि बारा वर्षांखालील मुलांना शिकवण्याचे थोडे मानधन मिळत असे. क्लबच्या ज्या घरात मी राहत होतो, तिथेच राहणाऱ्या अमेरिकन खेळाडूचा मात्र तो आठ वर्षांतला सहावा क्लब होता. हा व्यवसाय मला कळला तो त्याच्याशी रात्री स्वयंपाकघरात झालेल्या गप्पांमधून आणि त्याच्या एका निळ्या प्लास्टिकच्या फाइलमधून. त्या फाइलविषयी पुढे येईलच.

आधी पासपोर्ट उघडून बघा

नवोदित खेळाडू आधी शूटिंगची टक्केवारी, उडी आणि उंची यांचा विचार करतो, आणि पासपोर्ट हा शेवटी काढायचा कागद समजतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. परदेशी क्लबने तुमचा खेळ पाहण्याआधी तो तुम्हाला कोणत्या जागेवर मोजणार हे ठरलेले असते, आणि ते पासपोर्टवरून ठरते.

कारण समजून घेऊ. एनबीएमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येकात १५ नियमित जागा, म्हणजे एकूण ४५०. शिवाय २०२३ पासून प्रत्येक संघाला तीन ‘टू-वे’ करार, म्हणजे एनबीए आणि तिच्याखालची जी लीग या दोन्हींत खेळण्याचे करार, करता येतात. जी लीगमध्ये २०२४-२५ च्या हंगामाचा पगार साधारण ४३,००० डॉलर होता. अमेरिकन महाविद्यालयांतून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या उत्तम खेळाडूंपैकी बहुतेकांना यातले काहीच मिळत नाही, म्हणून ते परदेशाची वाट धरतात. दुसऱ्या बाजूला प्रत्येक देशातल्या लीगला स्थानिक खेळाडू जगवायचे असतात, म्हणून संघात किंवा सामन्याच्या यादीत किती परदेशी चालतील यावर मर्यादा असते. या मर्यादित जागांना सगळीकडे ‘इम्पोर्ट’च्या जागा म्हणतात. क्लब सर्वाधिक पैसा याच जागांवर खर्च करतो आणि हंगाम बिघडला की सर्वांत आधी याच जागेवरचा खेळाडू बदलतो.

युरोपात १९९५ च्या बॉसमन निकालानंतर युरोपीय संघातील देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशांत पूर्वीप्रमाणे परदेशी म्हणून अडवता येईनासे झाले. पुढे २००० च्या कोटोनू कराराचा आधार घेऊन काही लीगनी आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधील देशांच्या खेळाडूंनाही सवलत दिली. भारत या दोन्ही यादींत बसत नाही. माझ्या त्या अमेरिकन घरमित्राची आजी आयर्लंडची होती आणि तिच्यामुळे त्याला आयरिश पासपोर्ट मिळाला होता. गुडघा दुखावल्यावर, एकतिसाव्या वर्षी, त्याला काम मिळत राहिले ते उडीवर नव्हे, या पासपोर्टवर. “माझा सगळ्यात भरवशाचा शॉट आजीने मारला,” असे तो म्हणत असे.

भारतीय पासपोर्टधारक युरोपात इम्पोर्टच्या जागेवर मोजला जातो, म्हणजे त्याची तुलना थेट अमेरिकन खेळाडूशी होते. खालच्या विभागात जाऊन ही तुलना टाळू म्हटले, तर तिथे व्हिसा आडवा येतो. जर्मनीत व्यावसायिक खेळाडू म्हणून परवानगी हवी असेल, तर क्लबने किमान पगार द्यावा लागतो आणि तो निवृत्तिवेतन विम्याच्या मासिक कमाल मर्यादेच्या निम्मा असावा लागतो. २०२५ साली ही मर्यादा ८,०५० युरो होती, म्हणजे पगार महिन्याला किमान ४,०२५ युरो हवा. खालच्या विभागातला क्लब एवढा पगार नवख्या भारतीयाला देत नाही. गुणवत्ता असूनही दार का उघडत नाही, याचे उत्तर अनेकदा या एका आकड्यात असते.

आशियात चित्र थोडे वेगळे आहे, पण तिथेही बारकाईने वाचले पाहिजे. जपानच्या बी.लीगने २०२० मध्ये इम्पोर्टखेरीज आशियाई खेळाडूसाठी वेगळी जागा ठेवली. मात्र त्या वेळच्या देशांच्या यादीत चीन, तैवान, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरिया होते, भारत नव्हता. दक्षिण कोरियाच्या लीगने अशीच जागा आधी जपानी आणि नंतर फिलिपिनो खेळाडूंसाठी खुली केली. ‘आशियाई कोटा आहे’ एवढे ऐकून हुरळून जाऊ नये. त्या कोट्यात कोणते देश आहेत, हे त्या हंगामाच्या नियमावलीत पाहावे. हे नियम बहुधा उन्हाळ्यात बदलतात.

म्हणून पहिले काम मैदानावरचे नाही. एक वही घ्या आणि ज्या आठ-दहा देशांचा विचार करत आहात, त्यांच्यासाठी तीन गोष्टी लिहा : संघात किती परदेशी चालतात, भारतीय कोणत्या गटात मोजला जातो, आणि खेळाडूच्या व्हिसासाठी पगाराची किंवा पातळीची अट काय आहे. दोन संध्याकाळी लागतील. वहीत शेवटी दोन-तीनच देश उरले, तरी पुढची दोन वर्षे वाचतील.

ज्यांच्या घरी परदेशी पासपोर्ट आहे, त्यांच्यासाठी एक टीप. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. परदेशी पासपोर्ट ठेवून भारताच्या राष्ट्रीय संघातून खेळता येत नाही. क्लबसाठी सोयीचा पासपोर्ट आणि राष्ट्रीय संघाची जर्सी यांतून एकच निवडावे लागते, आणि ही निवड घरात सगळ्यांशी बोलूनच करावी.

पुण्यात तुम्ही ‘सेंटर’ असाल, तिथे नसाल

पुण्यात सहा फूट दोन इंचांच्या मुलाला नववीपासूनच बास्केटखाली उभे करतात. शाळा जिंकते, जिल्हा जिंकतो, आणि त्या मुलाला दोन्ही हातांनी चेंडू आणायला कधी कोणी शिकवत नाही. बाहेरच्या व्यावसायिक लीगमध्ये त्या उंचीचा खेळाडू गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब राहून चेंडू आणणारा, असतो. माझे स्वतःचे हेच झाले. जर्मनीतल्या पहिल्या सरावात कोचने माझी उंची विचारली आणि मला गार्ड्सच्या रांगेत उभे केले. दहा मिनिटांत माझ्या हातातून चेंडू चार वेळा काढून घेतला गेला, त्यातला दोनदा तर सतरा वर्षांच्या एका मुलाने काढला. तेव्हा आजच्या जागेपेक्षा दोन जागा खाली जाऊन खेळायला शिका. सेंटर असाल तर फॉरवर्डसारखी शूटिंग, फॉरवर्ड असाल तर गार्डसारखी चेंडूवरची पकड आणि ‘पिक अँड रोल’ हा दोघांचा डाव वाचण्याची सवय. यासाठी वर्ष-दीड वर्ष लागते आणि ते निघण्यापूर्वीच द्यावे लागते. तिथे गेल्यावर शिकवायला कोणाला वेळ नसतो.

आपल्याकडची बरीच मैदाने उघडी आणि सिमेंटची आहेत. जुलैत गोणपाटाने पाणी निपटून, ओल्या कडेला न जाता अर्ध्याच मैदानावर खेळलेल्या मुलांना वळताना वेग कमी करण्याची सवय लागते आणि लाकडी मैदानावर ती लगेच उघडी पडते. शक्य असेल तर म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत किंवा जिथे लाकडी मैदान मिळेल तिथे आठवड्यातून निदान दोनदा पूर्ण लांबीचा सराव करावा. गुडघ्यांनाही ते मानवते.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. आपण लहानपणापासून फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळतो : दहा मिनिटांचे चार भाग, २८ बाय १५ मीटरचे मैदान, ६.७५ मीटरची तीन गुणांची रेषा, आणि रिंगला लागून वर उडालेला चेंडू हाताने मारण्याची मुभा. नवख्या अमेरिकन खेळाडूला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. माझ्या घरमित्राने सांगितले होते की पहिल्या वर्षी रिंगवरचे असे कितीतरी चेंडू त्याने नुसते पाहत सोडून दिले होते.

व्हिडिओ : मोजका आणि खरा

गाणे लावून, डंक मागे डंक जोडून केलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ कोच बघत नाहीत, किंवा बघून बाजूला ठेवतात. त्यांना पूर्ण सामना हवा असतो, कारण चेंडू हातात नसताना तुम्ही काय करता हे तिथेच दिसते. अलीकडच्या दोन वर्षांतले, तुमच्या तोडीच्या किंवा वरचढ संघांविरुद्धचे तीन पूर्ण सामने ठेवा, आणि त्यांतला एक हरलेला असू द्या. कॅमेरा मध्यरेषेजवळ, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर, तिवईवर ठेवून एकाच जागेवरून चित्रण करावे. सोबत पाच मिनिटांची वेगळी फिल्म असावी आणि तिची सुरुवात डिफेन्सने करावी. उंची बुटांशिवाय मोजलेली लिहा. दोन इंच वाढवून लिहिलेली उंची वैद्यकीय तपासणीच्या दिवशी कळते, आणि मग करारातल्या बाकीच्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो.

नाव कुठे दिसले पाहिजे

घरच्या मैदानावर नाव झाल्याशिवाय बाहेरचे कोणी विचारत नाही. भारतात स्थिर व्यावसायिक लीग नसणे ही आपली जुनी अडचण आहे. यूबीए लीगमध्ये पुणे पेशवाज नावाचा आपल्या शहराचा संघ होता, पण ती लीग २०१५ ते २०१७ एवढीच चालली. २०२२ मध्ये आयएनबीएल ही लीग सुरू झाली. याखेरीज राष्ट्रीय स्पर्धा, रेल्वेसारख्या संस्थांचे संघ आणि विद्यापीठ स्पर्धा आहेत. या सगळ्यांत परदेशी कोचच्या नजरेत भरते ती राष्ट्रीय संघाची जर्सी, कारण फिबाच्या स्पर्धांची अधिकृत आकडेवारी आणि चित्रण कोणालाही पाहता येते. डेक्कन जिमखान्यावर वाढलेली आणि पुढे भारतीय संघाची कर्णधार झालेली शिरीन लिमये पुण्यातल्या मुलींना माहीत आहेच.

आधी कोण कसे गेले, हे पाहण्यासारखे आहे. गीतू अ‍ॅना जोस २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात रिंगवूड हॉक्सकडून खेळली आणि २०११ मध्ये तिने डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या लीगमधील संघांकडे चाचणी दिली. अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग जपानमध्ये टोकियो एक्सलन्सकडून खेळले. पुढे अमृतपाल २०१७-१८ च्या हंगामात सिडनी किंग्जमध्ये गेला आणि अमज्योत जी लीगमध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे. सतनाम सिंगला २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडले, पण एनबीएचा सामना त्याच्या वाट्याला आला नाही. नंतर तो कॅनडाच्या लीगमध्येही खेळला. या सगळ्यांच्या मागे राष्ट्रीय संघ किंवा लहानपणापासूनचे परदेशी प्रशिक्षण होते. सोसायटीच्या मैदानावरून थेट युरोपात पोहोचल्याचे उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी वाट तीन-तीनच्या खेळाची आहे. फिबाच्या ३x३ मध्ये प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र क्रमवारी असते, संघ चार जणांचा असतो, आणि जागतिक दौऱ्यात संघ शहरांच्या नावाने उतरतात. सामना दहा मिनिटांचा किंवा २१ गुणांचा असतो. ज्यांची उंची कमी, पण दम आणि शूटिंग पक्के, त्यांनी या खेळाकडे दुय्यम म्हणून पाहू नये.

तिसरी वाट माझी, म्हणजे विद्यार्थ्याची. पुण्यात जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे. मॅक्सम्यूलर भवनात शिकलेल्या आणि तांत्रिक विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या मुलाला शिक्षणाच्या व्हिसावर जाऊन स्थानिक क्लबमध्ये नाव नोंदवता येते. हा व्यवसाय नाही, हे आधीच समजून घ्यावे. विद्यार्थ्याला जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवसच काम करता येते आणि परवानगीशिवाय स्वतंत्र व्यावसायिक म्हणून पैसे घेता येत नाहीत. क्लबने ‘पाकिटात देतो’ म्हटले तर नको म्हणावे. पण भाषा, लाकडी मैदान, चांगला कोच आणि चित्रित सामने एवढे सगळे पदवीबरोबर मिळते.

अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी फिबाच्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय बदली अपवादानेच होते. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाला ‘युरोपात करार’ मिळवून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

एजंट

फिबा परीक्षा घेऊन एजंटांना परवाना देते आणि परवानाधारकांची यादी तिच्या संकेतस्थळावर असते. तिथे नाव शोधणे ही पहिली चाचणी. दुसरी चाचणी पैशांची : एजंटाचे मानधन कराराच्या रकमेच्या दहा टक्क्यांपर्यंत असते आणि युरोपात ते बहुधा क्लब देतो. म्हणजे तुम्हाला काम मिळाल्यावरच त्याला पैसे मिळतात. जो आधी पैसे मागतो, त्याचा धंदा खेळाडूला काम मिळवून देण्याचा नसतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाने पूर्व युरोपातल्या ‘निवड शिबिरा’साठी दीड लाख रुपये भरले. शिबिर खरोखरच झाले, चाळीस मुले आली होती आणि सगळी त्याच्यासारखीच पैसे भरून आलेली होती. बाकावर कोच म्हणून बसलेल्यांपैकी एकाचाही क्लब नव्हता.

एजंटाशी केलेला करार एका वर्षाचा ठेवावा. त्याच्याकडे तुमच्याच जागेवर खेळणारे आणखी किती खेळाडू आहेत, हे विचारायला संकोच करू नये.

करार वाचण्याची रीत

आता ती निळी फाइल. घरमित्राने आपले सहाही करार त्यात तारखेनुसार लावून ठेवले होते आणि प्रत्येकाच्या समासात पेन्सिलीने खुणा होत्या. पहिल्या करारावर एकच खूण होती, सहाव्यावर जवळजवळ प्रत्येक ओळीला. “ही माझी पदवी,” असे म्हणून त्याने एका रविवारी ती मला समजावून दिली.

सर्वांत मोठे वर्तुळ ‘निव्वळ’ या शब्दाभोवती होते. युरोपात पगार बहुधा निव्वळ ठरतो, म्हणजे कर क्लब भरतो. पण करारात तसे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर हातात येणारी रक्कम निम्म्याजवळ येऊ शकते. आणि लिहिलेले असेल, तरी क्लबने कर भरल्याचा दाखला वर्षाअखेरीस देण्याची जबाबदारी करारात असली पाहिजे. दुसरी खूण पगाराच्या तारखांवर. ‘दहा समान हप्ते’ एवढे पुरत नाही. प्रत्येक हप्त्याची तारीख हवी, आणि तो ठरावीक दिवसांहून अधिक थकला तर खेळाडूला सरावाला न जाण्याचा आणि पुढे करार मोडून उरलेली रक्कम मागण्याचा हक्क हवा. त्याच्या तिसऱ्या क्लबने तीन महिने पगार दिला नव्हता. त्या करारात हे कलम नव्हते, म्हणून तो फुकट खेळत राहिला. सराव चुकवला असता तर त्यानेच करार मोडला असे क्लबला म्हणता आले असते.

करार हमीचा आहे की नाही, हे पुढचे. हमीच्या करारात दुखापत झाली किंवा कोचला तुम्ही आवडला नाहीत, तरी पगार चालू राहतो. पण बहुतेक नवख्यांच्या करारात दोन फटी असतात : चाचणीचा काळ आणि वैद्यकीय तपासणी. तपासणी पोहोचल्यापासून दोन-तीन दिवसांत व्हावी आणि एकदा उत्तीर्ण झाल्यावर जुनी दुखापत हे कारण सांगून करार मोडता येऊ नये, असे लिहून घ्यावे. चाचणीचा काळ शक्य तेवढा कमी करून घ्यावा, आणि त्यात नापास झालात तर परतीचे तिकीट कोण काढणार तेही लिहावे.

घर, विजेचे बिल, इंटरनेट, गाडी किंवा पास, वर्षातून किती विमान-तिकिटे, दुखापतीचा विमा, शस्त्रक्रिया लागली तर ती कुठे आणि कोणाच्या खर्चाने, हे सगळे एकेका ओळीत असावे. ‘सुसज्ज घर’ या शब्दांवर विसंबू नका. आमच्या सुसज्ज घरात दोन पातेली, एक सुरी आणि पलंगापेक्षा वीतभर आखूड गादी होती. सहा फूट सात इंचांचा तो माणूस वर्षभर पाय खुर्चीवर ठेवून झोपला.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे कलम वादाविषयी असते. फिबाने २००७ मध्ये बास्केटबॉलच्या करारांसाठी स्वतंत्र लवाद उभा केला. आज तो बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनल म्हणून ओळखला जातो आणि त्याचे अधिकृत स्थान जिनिव्हा आहे. एका प्रकरणासाठी निवाडा करणारी एकच व्यक्ती नेमली जाते, कामकाज इंग्रजीत आणि मुख्यतः कागदोपत्री चालते, आणि निकाल एखाद्या देशाच्या कायद्यापेक्षा न्यायबुद्धीला धरून दिला जातो. निकाल न पाळणाऱ्या क्लबवर नवे परदेशी खेळाडू घेण्याची बंदी येऊ शकते, आणि क्लब घाबरतात ते यालाच. पण हा लवाद तुमचे प्रकरण घेतो ते करारात त्याचे कलम असेल तरच. कलम नसेल तर परक्या गावातल्या न्यायालयात, परक्या भाषेत, वकील लावून बसावे लागते. दोन भाषांत करार असेल, तर वादात कोणती प्रत ग्राह्य धरायची तेही लिहिलेले हवे. ती इंग्रजी असू द्या.

कागदपत्रे

पासपोर्ट किमान दोन वर्षांचा शिल्लक असावा. दहावी पूर्ण न करता खेळाकडे वळलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर शेरा असू शकतो आणि मग संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार, कुवेत अशा देशांत कामासाठी जाताना वेगळी परवानगी लागते. दहावी करून टाकणे सोपे. पोलिसांचा चारित्र्यदाखला मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. प्रमाणपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे सरकारी साक्षांकन, लागते. आधी राज्याचा शिक्का आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा, असा क्रम असतो आणि त्याला काही आठवडे लागू शकतात. अमिरातीसारख्या देशांसाठी दूतावासाचे साक्षांकन वेगळे. याशिवाय एका राष्ट्रीय महासंघाच्या नोंदीतून दुसऱ्याकडे जाताना ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’ लागते. ते नवा महासंघ आपल्या महासंघाकडे मागतो. राज्य संघटनेशी किंवा जुन्या संघाशी काही येणे-देणे असेल, तर ते निघण्यापूर्वी मिटवावे, कारण हे पत्र अडले की तुम्ही क्लबच्या घरात बसून सामने मोबाइलवर बघता.

हंगाम कसा जातो

युरोपातला हंगाम सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात सुरू होऊन मे-जूनपर्यंत जातो आणि सराव त्याआधी महिनाभर. फिलिपिन्समध्ये इम्पोर्ट एका स्पर्धेपुरता, म्हणजे काही महिन्यांसाठी बोलावतात. पहिले दोन आठवडे निर्णायक असतात. प्रवासाचा शीण, नवी भाषा, नवे डावपेच असतानाही त्या पंधरवड्यात कोचचे मत बनते. म्हणून निघण्याआधी विश्रांती घ्यावी, निरोपाच्या जेवणावळी आठवडाभर आधी संपवाव्यात.

डिसेंबर-जानेवारी हा फिरस्त्या खेळाडूचा कठीण काळ. संघ हरत असला की क्लब इम्पोर्ट बदलतो. आमच्याच विभागातल्या एका क्लबचा फॉरवर्ड शनिवारी आमच्याविरुद्ध बावीस गुण करून गेला आणि मंगळवारी त्याच्या जागी दुसरा आला होता. असे झाल्यावर घाईने मिळेल तो क्लब धरू नये. एक पायरी खालच्या लीगमध्ये भरपूर वेळ खेळणे हे वरच्या लीगमध्ये बाकावर बसण्यापेक्षा पुढच्या करारासाठी बरे असते. अमेरिकन खेळाडू पी. जे. टकरचा प्रवास पाहा. २००६ च्या ड्राफ्टमध्ये त्याला ३५ व्या क्रमांकावर टोरॉन्टोने घेतले आणि पहिल्याच हंगामात सोडून दिले. पाच वर्षे इस्राएल, युक्रेन, ग्रीस, इटली आणि जर्मनी अशी भटकंती झाली. होलोन आणि बांबर्ग या दोन क्लबना त्याने लीग जिंकून दिली, आणि २०१२ मध्ये तो फिनिक्सकडून एनबीएत परतला. २०२१ मध्ये मिलवॉकीबरोबर तो विजेताही झाला. असे क्वचित घडते, पण त्याने परदेशात अंगी बाणवलेली गोष्ट कोणालाही घेता येईल : गुण कमी करूनही संघाला नकोसा न होणारा बचाव.

खाण्याचे नियोजन करा. २३ किलोच्या बॅगेत थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट जरूर न्या, पण प्रथिनांसाठी तिथल्या डाळी, दही, अंडी यांच्यावर दिवस बेतायला शिका. शाकाहारी असाल तर क्लबला आधी कळवा. सामन्यानंतर बसमध्ये मिळणारा डबा बहुधा मांसाचाच असतो.

औषधे आणि पूरक आहाराचे डबे यांबाबत अजिबात ढिलाई नको. सतनाम सिंगच्या चाचणीत बंदी असलेला पदार्थ सापडला आणि २०२० मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. बंदी असलेल्या पदार्थांची जागतिक यादी दर १ जानेवारीला बदलते. जिममधल्या ओळखीच्या दुकानातून आणलेली पावडर, सर्दीवरची गोळी, आजीने दिलेला काढा, सगळे संघाच्या डॉक्टरला दाखवूनच घ्या.

पैसा

हंगाम आठ-नऊ महिन्यांचा असतो आणि वर्ष बारा महिन्यांचे. घरमित्र प्रत्येक हप्त्यातला एक तृतीयांश उन्हाळ्यासाठी बाजूला काढत असे. भारतातल्या कराबाबत साधा नियम असा : नोकरीसाठी देशाबाहेर जाणारा भारतीय नागरिक एका आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तर साधारणपणे तो करापुरता अनिवासी ठरतो. ऑगस्टअखेर निघून मार्चनंतर परतलात, तर त्या वर्षी भारतातले दिवस १५३ भरतात. पण जानेवारीत करार तुटून घरी आलात, तर हिशोब बदलतो. तेव्हा परदेशात भरलेल्या कराचे दाखले जपून ठेवा. अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते एनआरओ या अनिवासींच्या खात्यात बदलावे लागते, हेही बँकेत जाऊन करावे. एखाद्या सनदी लेखापालाला निघण्यापूर्वी एकदा भेटणे खर्चाचे नाही.

परत येताना

महासंघाचे पत्र जाताना लागते तसे परततानाही लागते. मी जर्मनीहून आलो तेव्हा हे माझ्या गावीही नव्हते. माझी नोंद तिकडेच राहिली होती. जुन्या संघाने जर्सी तयार ठेवली होती, सामना संध्याकाळी साडेपाचला होता, आणि नोंद तपासणाऱ्या पंचांनी माझे नाव यादीतून खोडले. पत्र यायला बारा दिवस लागले आणि स्पर्धा सहा दिवसांची होती. ते सहा दिवस मी टेबलाशी बसून गुणपत्रक भरले.